लोखंडाचं दुखणं

भारहरण महाराज खरे निघाले असते, तर शामलाबाईंचे आठवड्याला बावीस तास सुटणार होते.

हिशेब सरळ आहे. मंगळवार, गुरुवार, शनिवार, असं तीनदा नवऱ्याला नागपुरात सदर भागातल्या डायलिसिस सेंटरला न्यायचं. त्याचं आंघोळपाणी, ऑटो, नंबर लागेपर्यंत बाकावर बसणं, चार तास मशीन, मग रक्तदाब ठिकाणावर येईस्तोवर थांबणं, पुन्हा ऑटो. एका खेपेचे सात तास वीस मिनिटं, तीन खेपांचे बावीस तास. नवऱ्याने चोरून पाणी प्यायलं का हे पाहायला दिवसातून चारदा माठात डोकवायचं, तो वेळ यात धरलेला नाही. भाजी दोनदा उकळून पाणी फेकायचं, तोही नाही. झोपेचं तर नावच नको. चार वर्षांत शामलाबाई सलग चार तास झोपल्या त्या एकदाच, नणंदेच्या मयताला जाताना, गाडीत.

म्हणून मुलगा रोशन मोबाईल नाचवत आला आणि म्हणाला, "आई, कळमेश्वर रोडवरच्या लॉनमधे एक महाराज येऊन राहिला. किडनीचं पाणी मंत्रानं काढते. सुई नाही, मशीन नाही. सगळ्यांसमोर काट्यावर वजन कमी करून दाखवते," तेव्हा शामलाबाईंनी विश्वास ठेवला असं नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "किती वेळ लागते?"

"पाऊण तास."

त्या साडी बदलायला उठल्या.

रोशन कळमेश्वरच्या एमआयडीसीत कामाला होता. बापाच्या आजारपणात त्याचा वाटा म्हणजे व्हॉट्सॲपवर आलेले उपाय घरात पोचते करणं. हा वाटा तो एकही दिवस खाडा न करता उचलत असे.

तो सोमवार होता. लग्नाचं ते लॉन खचाखच भरलं होतं. कोणाच्या पायाला सूज, कोणाच्या गळ्यापाशी नळी, कोणाच्या दंडावर सुया टोचून टोचून आलेला फुगवटा. प्रत्येक आजाऱ्यामागे एकेक थकलेलं माणूस पिशवी घेऊन उभं होतं, आणि खरं सांगायचं तर जास्त आशेने तेच स्टेजकडे पाहत होतं. स्टेजवर नवरा-नवरीच्या दोन मखमली खुर्च्या होत्या. नवऱ्याच्या खुर्चीत महाराज. नवरीच्या खुर्चीत त्यांचे जोडे. मधोमध मोठा इलेक्ट्रॉनिक काटा, आणि त्याचे आकडे मागच्या पाटीवर लाल दिव्यांत, हातभर उंच.

महाराजांचा उजवा हात सतत गोमुखीत असे. गोमुखी म्हणजे जपाची माळ झाकायची कापडी पिशवी. डाव्या हातात माईक.

"बीमारी क्या है? बोला! बीमारी वजन आहे! डॉक्टर म्हणते किडनी फेल. अरे, फेल पोरगं होते, दहावीत! किडनीले कोणी परीक्षेला बसवलं? मशीन पाणी काढते, ते परवा पुन्हा भरते. मी पाण्याचं मूळ काढतो!"

नियम एकच होता. जेवढा भार उतरेल तेवढ्याच वजनाचं साजूक तूप अर्पण करायचं. तुपाचा स्टॉल गेटवरच होता. त्यामुळे महाराजांच्या कृपेला वरची मर्यादा नव्हती.

"ज्याच्या मनात शंका असेल त्यानं आधी यावं!" महाराज गरजले. "काटा तपासावा! मी शंकेखोराचा दास आहे!"

आणि शामलाबाईंच्या नवऱ्याने, देवाजीने, हात वर केला.

देवाजी पस्तीस वर्षं धान्य बाजारात मापारी होता. शेतकऱ्याचं पोतं काट्यावर चढवायचं आणि आकडा मोठ्याने पुकारायचा, हे मापाऱ्याचं काम. देवावर त्याचा विश्वास बेताचा, डॉक्टरांवर नाइलाजाचा, बायकोवर सोयीपुरता. काट्यावर मात्र पूर्ण. लटपटत तो स्टेजवर चढला. काट्याशेजारी वीस किलोचं लोखंडी वजन ठेवलेलं होतं. त्याने त्यावरचा सरकारी शिक्का नखाने खरवडून पाहिला. ते माणसांकरवी काट्याच्या मध्यावर ठेववलं. वीस. मग चारही कोपऱ्यांवर, एकेक करून. वीस, वीस, वीस, वीस. बाजारात सकाळी काटा असाच तपासत.

"पस्तीस वर्षं काट्यावर भाकर खाल्ली," तो माईकवर म्हणाला. आवाज जुना, पोती पुकारणारा. "हा काटा खरा हाय गा!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. महाराजांनी आठवडाभर शोधूनही एवढा चांगला साक्षीदार त्यांना सापडला नसता.

देवाजी काट्यावर बसला. एकसष्ट किलो दोनशे. मग पाऊण तास मंत्र, डमरू, कडुलिंबाच्या डहाळ्यांचे फटके. पुन्हा काट्यावर. महाराजांनी डोळे मिटले, गोमुखीतला हात थरथरला.

अठ्ठावन्न किलो चारशे.

डायलिसिसवाले पेशंट एक आकडा कधी विसरत नाहीत. अंगातलं जास्तीचं पाणी निघून गेल्यावर उरायला हवं ते वजन, ड्राय वेट. देवाजीचं होतं साडेअठ्ठावन्न.

"ड्राय वेटच्याही खाली आलो वं, शामला!" तो ओरडला आणि रडायला लागला.

महाराजांनी त्याच्या हातात पाण्याने भरलेला लोटा दिला. "पी!"

चार वर्षं हा माणूस दिवसाला पाऊण लिटरवर जगत होता. त्यात चहा आला, वरण आलं, गोळ्यांचे घोट आले. उन्हाळ्यात तो बर्फाचा खडा जिभेखाली धरून दुसऱ्यांच्या ग्लासांकडे पाहत बसे. त्याने लोटा दोन्ही हातांनी धरला आणि घटाघट, श्वास न घेता रिकामा केला. एक माणूस पाणी पितो आहे, आणि दोन हजार माणसं टाळ्या वाजवताहेत!

त्याच्यामागे नंबर होता भावनाचा. खापा गावची अंगणवाडी सेविका, वय एकतीस, घरी चार वर्षांची मुलगी. सेंटरमध्ये तिचा पलंग देवाजीच्या शेजारचा. तिची आई सरिता तिला प्रत्येक खेपेला एसटीने आणायची. सरिता लॉनवर येताना बिचकत होती. देवाजीने चारी कोपरे तपासले आणि तिचं बिचकणं संपलं. भावनाचे दोन किलो शंभर उतरले.

त्या संध्याकाळी घरी आल्यावर शामलाबाईंनी नवऱ्याचा पाय मांडीवर घेतला.

त्यांचं स्वतःचंही एक माप होतं, अंगठा. घोट्याच्या वर हाडावर अंगठा दाबायचा, सोडायचा आणि खळगा भरेस्तोवर मनात आकडे मोजायचे. डायलिसिस करून आल्यावर खळगा दोन म्हणेपर्यंत भरे. त्या दिवशी सकाळी पाच लागले होते. आता अंगठा काढला. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा.

काट्याने अडीच किलोच्या वर पाणी उतरवलं होतं आणि पायात ते सकाळपेक्षा जास्त होतं. शामलाबाई शाळेत चौथीपर्यंत गेल्या होत्या, पण एवढं कळायला चौथी पुष्कळ झाली. महाराज खोटा होता. ही गोष्ट अख्ख्या नागपुरात महाराजांनंतर त्यांनाच कळली होती.

उद्या मंगळवार. पहाटे उठा, आंघोळ घाला, ऑटो शोधा.

मागच्या दिवाळीत एक खेप चुकली होती, तेव्हा काही झालं नव्हतं. एक खेप. त्यांनी पायावर चादर ओढली आणि काही न बोलता आडव्या झाल्या.

सकाळी सातला फोनने जाग आली. सरिता होती.

"ताई, निघाल्या काय सेंटरले? भावना म्हणते नाही जात. म्हणते, देवाजी काका जाऊन राहिले का विचार."

"आमी नाही जाऊन राहिलो," शामलाबाई डोळे न उघडता म्हणाल्या.

"मंग आमीबी नाही येत. तुमचे मालक काट्यातले माणूस. त्यायनं तपासलं म्हणजे झालं. हो ना वं?"

अंगठ्याची गोष्ट शामलाबाईंच्या ओठांपर्यंत आली होती. ती सांगितली असती तर उठावं लागलं असतं.

"हाव," त्या म्हणाल्या आणि कूस बदलली. त्या दिवशी त्या साडेनऊपर्यंत झोपल्या.

पुढचे तीन दिवस त्या घरात सण होता. देवाजी चौकातल्या पानठेल्यापर्यंत पायी गेला. मठ्ठा प्यायला. डॉक्टरांनी चार वर्षं हात लावू न दिलेली संत्री टोपलीभर आणवली. त्यांतलं पोटॅशियम किडनी बाहेर टाकू शकत नाही, ते साचतं आणि हृदय बंद पाडतं, हे त्याला पाठ होतं. "बस वं आता," तो बायकोला म्हणाला, "तुई ड्यूटी संपली." शामलाबाईंना इतकं गोड बोलणं लग्नानंतर पहिल्यांदाच ऐकू आलं होतं. गुरुवारी सेंटरमधून टेक्निशियन धम्मानंदचा फोन आला.

"काकू, दोन खेपा झाल्या. काका कुठे आहेत?"

"गावाले आलो, बाबू. लग्न हाय."

"काकू, लग्नाले आजार सुट्टी देत नाही. कोणत्या गावाले? जवळचं सेंटर सांगतो."

त्यांनी फोन ठेवला.

शनिवारी देवाजीच्या पायात चप्पल शिरेना. आडवं झालं की दम लागे, म्हणून तो भिंतीला टेकून बसूनच डुलक्या घेऊ लागला. शामलाबाईंनी अंगठा दाबला. पंधरा मोजले तरी खळगा होता तिथेच.

"चला सेंटरले. आत्ता."

"काहून?" देवाजी धापा टाकत म्हणाला. "काटा खोटा आन् तुया अंगठा खरा काय?"

"तुमाले दम लागून राहिला!"

"आई, महाराजनं काय म्हटलं?" रोशन मोबाईलवरून डोळे न काढता म्हणाला. "मधात सुई टोचली तं उतरलेला भार दुप्पट चढते. सोमवारी पुन्हा बोलावलं न. वातावरण खराब नको करू."

सोमवारी दोघांनी धरून त्याला लॉनवर नेलं. गर्दी दुप्पट होती. मागच्या सोमवारचा व्हिडिओ गावोगाव फिरला होता, त्यात देवाजी होता, चार कोपरे होते, लोटा होता. या खेपेला एका निवृत्त मास्तरांनी काटा तपासला. वीस, वीस, वीस, वीस, वीस. मग महाराजांनी हाक दिली, "कुठे आहे माझा मापारी?"

देवाजी चढला. पायऱ्या तीनच होत्या, त्या चढायला त्याला तीन वेळा थांबावं लागलं. पायजम्याची नाडी पोटावर पुरत नव्हती म्हणून शामलाबाईंनी तिथे सुतळी बांधली होती. तो काट्यावर बसला. गोमुखीतला हात थरथरला.

अठ्ठावन्न किलो शंभर.

"बघा! आठ दिवस! सुई नाही, मशीन नाही! वजन तोळाभर वाढलं नाही!"

"उठा," शामलाबाई नवऱ्याला म्हणाल्या.

"माताजी, बसू द्या त्यांना—"

"उठा म्हणते न!" त्यांनी त्याच्या काखेत हात घालून त्याला उभं केलं. मग वाकून ते वीस किलोचं लोखंड दोन्ही हातांनी उचललं. एक चेला आडवा आला. त्याला वाटलं, या बाईला हे पेलणार नाही. त्याला हे ठाऊक नव्हतं की ही बाई चार वर्षं रोज साठ किलोंचा माणूस पलंगावरून उचलत आली आहे. खांद्याने त्याला बाजूला सारून त्यांनी लोखंड काट्यावर आदळलं.

पाटीवर लाल आकडे पेटले. अकरा किलो शंभर.

तुपाच्या स्टॉलवरच्या माणसानेही डबा खाली ठेवून पाटीकडे पाहिलं.

"याच्यात किती पाणी होतं, महाराज?" शामलाबाईंनी विचारलं. "याचीबी किडनी फेल होती काय? नऊ किलो उतरलं लोखंडाचं! आता याच्या नावानं तूप कोण देईन?"

मागून कोणी तरी फस्सकन हसलं. महाराज मात्र पट्टीचे होते. "लोहे में भी दोष होता है!" ते गरजले. "लोहा शनीचा धातू! कृपा जड-चेतन पाहत नाही!"

आणि खोटं कशाला बोला, पाच-पन्नास लोकांनी माना डोलावल्या. दोघांनी हात जोडले. शामलाबाईंचा डाव तिथेच बुडाला असता.

पण देवाजी खुर्चीला धरून उभा होता आणि त्याचे ओठ हलत होते. तो हिशेब करत होता. वीसचे अकरा-शंभर. गेले आठ-नऊशे. अठ्ठावन्न-शंभरात आठ-नऊशे मिळवा.

"सदुसष्ट," तो पुटपुटला. मग पोतं पुकारावं तसं मोठ्याने, फाटक्या श्वासाने, "सदुसष्ट! मी सदुसष्ट किलो हाओ! साडेआठ किलो पाणी हाय माया अंगात! त्याचा हात काढा पिशवीतून! रिमोट हाय! आमच्या बाजारातल्या एका आडत्याजवळ होता असाच, बटन दाबलं की पोतं हलकं!"

निवृत्त मास्तरांनी गोमुखी ओढली. माळ नव्हतीच आत. गाडीच्या चावीएवढा रिमोट होता, दोन बटणांचा. एक दाबलं की काटा खरा बोलणार, दुसरं जेवढा वेळ दाबाल तेवढं कमी. आधी तपासायला येणाऱ्यासाठी पहिलं, भक्तासाठी दुसरं. चमत्कार म्हणतात तो एवढाच होता. मंत्र, डमरू आणि कडुलिंब हे मधला वेळ काढायला.

लोकांनी महाराजांना धरलं, जोडे खुर्चीतच राहिले. पोलीस आले, जादूटोणाविरोधी कायद्याचं कलम लागलं. ते सगळं पाहायला शामलाबाई थांबल्या नाहीत. देवाजीचे ओठ निळे पडत होते.

सेंटरमध्ये शामलाबाईंकडून सगळं ऐकत धम्मानंदने सुया टोचल्या. मशीन फिरायला लागल्यावर त्याने विचारलं.

"काका, त्या आडत्याच्या काट्याचं तुम्हाला माहीत होतं?"

"माहीत होतं."

"मग इथे कसं नाही सुचलं?"

देवाजी म्हणाला, "बाजारात काटा सकाळी एकडाव तपासत, बाप्पा. मंग दिवसभर कोणी पाहत नसे. मीबी नाही. आडत्या बटन दाबे अन् मी आकडा पुकारो. ते शेतकऱ्याचं पोतं होतं न. मले वाटलं, माणसाच्या वजनाले बटन कोण दाबन."

शेजारचा पलंग रिकामा होता. चादर नवी, घडी न मोडलेली. शामलाबाईंनी तिकडे पाहिलं आणि मग धम्मानंदकडे.

"शनिवारी गेली," तो म्हणाला. "खाप्याहून निघाले होते, रस्त्यातच. हृदय थांबलं. सकाळी दोन संत्री खाल्ली होती."

ही गोष्ट वाचणाऱ्याने इथे महाराजाला शिव्या देऊन पुस्तक मिटू नये. महाराज येतच राहतील. त्यांना ओळखायला विज्ञानाची पदवी लागत नाही. चमत्काराआधी जे माप तपासलं, तेच चमत्कारानंतर पुन्हा तपासा. आधी तपासू देणारे सगळेच असतात, नंतर तपासू देणारा एकही सापडणार नाही. औषध चालू असताना बरं वाटलं तर ते औषधाचं आहे हे लक्षात ठेवा, आणि ते थांबवायला सांगणारा कोणीही असो, त्याला आधी आपल्या डॉक्टरसमोर बसवा. आणि घरात जुनाट आजाराचं माणूस असेल तर त्याला सांभाळणाऱ्याला आठवड्यातून एक दिवस झोपू द्या, पाळी लावून, भांडून, कसंही. जागरणाने मोडलेल्या माणसाला खोटं ओळखता येतं. ते नाकारायला उठवत नाही.

त्याच आठवड्यात, गुरुवारी, सरिता सेंटरला आली. मुलीची फाईल न्यायला, मृत्यूच्या दाखल्यासाठी. देवाजी मशीनवर होता. ती त्याच्या पायथ्याशी उभी राहिली.

"भाऊ, एक विचारू? तुमी तपासला होता न काटा?"

"तपासला होता," देवाजी म्हणाला.

"चारी कोपरे?"

"चारी."

"मंग बरं," ती म्हणाली. बहुधा तिला एवढंच पाहिजे होतं, की आपण आंधळेपणाने गेलो नव्हतो. मग ती शामलाबाईंकडे वळली आणि त्यांचा हात हातात घेतला. "ताई, तुमीच सोडवलं बाई लोकायले. तुमाले कळलं तरी कसं?"

शामलाबाईंचा अंगठा सरिताच्या मुठीत होता.

"काट्यावरून कळलं," त्या म्हणाल्या. "लोखंड ठेवलं, त्याच दिवशी."

आता याची किंमत कोणी किती भरली ते पाहू. महाराज जामिनावर सुटले. तूप जप्त झालं. रोशनने एक स्टेटस पुसलं. देवाजीचे दोन दिवस आयसीयूत गेले, आणि आता कोणी किती वाजले विचारलं तरी तो आकडा सांगत नाही. शामलाबाईंनी एक वाक्य खोटं बोलून स्वतःला वाचवलं. त्याचं व्याज किती ते त्यांचं त्यांना माहीत. बाकी सगळं भावनाने भरलं. आणि तिच्याही पलीकडे जे उरलं, ते खाप्याच्या अंगणवाडीत दारापाशी बसून आईची वाट पाहणारी चार वर्षांची पोर भरते आहे.